निरंक आणि रिकामं : पावसाच्या एका आलेखाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यात पाऊस एकसारखा नाही. पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पडतो, तर पूर्वेला माण-खटावच्या पट्ट्यात ५०० च्या आसपास, कित्येकदा त्याहून कमी. या पूर्वेकडच्या भागात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका लहान संस्थेची ही गोष्ट आहे. संस्था, गावं आणि माणसं ओळखू येणार नाहीत इतपत तपशील बदलले आहेत. चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्यात, कारण त्यातल्या बऱ्याचशा माझ्या आहेत.

संस्थेने चौदा गावांत साधे पर्जन्यमापक बसवले होते: वर नरसाळं, खाली बाटली, बाजूला मोजपात्र. रोज सकाळी साडेआठला कुणीतरी पाणी मोजायचं आणि आकडा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. हवामान विभागाचीही हीच वेळ. कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेवर जातो. ऑफिसातल्या ताई ते आकडे एक्सेलमध्ये भरायच्या आणि महिनाअखेर त्याची प्रिंट भिंतीवर लागायची.

२०२३ च्या मे महिन्यात ठरलं की हे वेबसाइटवर आलेख म्हणून दिसलं पाहिजे. मी मूळचा त्याच भागातला, नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. शनिवार-रविवारी करून देतो म्हणालो.

सुरुवातीचे पर्याय

आलेख काढायला चार्ट-जेएस ही वेबपानाच्या जावास्क्रिप्ट भाषेतली तयार लायब्ररी घ्यायची यावर मला फार विचार करावा लागला नाही. फुकट आहे, फोनवर नीट दिसतं आणि स्तंभालेखासाठी पुरेसं आहे. आकडे त्यात कुठून आणि कसे आणायचे, यावर खरा खल झाला.

आकडे थेट पानाच्या कोडमध्ये लिहिणं सगळ्यात सोपं होतं. पण मग रोज सकाळी कोडला हात लावणारा माणूस लागणार, आणि तो म्हणजे मीच. ते बाद.

ऑनलाइन स्प्रेडशीट 'वेबवर प्रकाशित' करून तिचा सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने तोडलेली साध्या मजकुराची फाइल) दुवा वापरणं मला आवडलं होतं. ताईंनी शीट भरली की काही मिनिटांत आलेख बदलतो, अपलोडची भानगड नाही. संस्थेचे सचिव बिचकले. शीट एकदा उघडी झाली की कोण कशात बोट घालेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रकाशित करणं आणि लिहायला परवानगी देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्यांना नीट समजावून सांगू शकलो असतो. सांगितलं नाही.

डेटाबेस आणि त्याच्यापुढे एक एपीआय, म्हणजे मागितले की आकडे काढून देणारा प्रोग्राम, हे मोठ्या घरचं काम. महिन्याचा खर्च आणि सांभाळायला माणूस, दोन्ही संस्थेकडे नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं: ताई एक्सेलमधून सीएसव्ही सेव्ह करतील आणि वेबसाइटच्याच फोल्डरमध्ये अपलोड करतील, पान ती फाइल फेचने (जावास्क्रिप्टची फाइल मागवायची सोय) घेईल, पापा पार्स ही सीएसव्ही वाचणारी लायब्ररी तिच्या ओळी सुट्या करेल आणि चार्ट-जेएस आलेख काढेल. आजही हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडून डोळ्यांनी वाचता येते, आणि पुढे सगळा गुंता सुटला तो त्यामुळेच.

पहिल्या महिन्यातल्या किरकोळ अडचणी

वेबवर आलेख बनवणाऱ्या कुणालाही या ठाऊक असतील, म्हणून भराभर सांगतो.

पान डबल-क्लिक करून उघडलं तर आलेख कोरा. ब्राउझर डिस्कवरच्या फाइलला शेजारची फाइल वाचू देत नाही, आणि कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या खिडकीत, कॉर्स नावाच्या या बंधनाची तक्रार येते. पायथॉनचा एका ओळीचा सर्व्हर ८००० पोर्टवर चालू केला की काम होतं.

ताईंनी 'सीएसव्ही' म्हणून सेव्ह केल्यावर गावांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग आली. एक्सेलमध्ये सीएसव्हीचे एकाहून जास्त प्रकार असतात. साध्या प्रकारात देवनागरी टिकत नाही, 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडावं लागतं. ताईंनी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं.

फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर एकदा कॅपिटल झालं. ताईंच्या विंडोजला त्याचं काही नाही, पण सर्व्हर लिनक्सचा, त्याला ती वेगळीच फाइल वाटली. फेचची गंमत अशी की फाइल सापडली नाही तरी ते स्वतःहून 'चूक' म्हणत नाही. सर्व्हरने 'पान सापडले नाही' असं एक एचटीएमएल पाठवलं, पापा पार्सने निमूट त्याच्याही ओळी पाडल्या, आणि आलेख कोरा. फाइल खरंच मिळाली का हे सांगणारा, उत्तराचा ओके हा गुण तपासायची ओळ मी त्या दिवशी घातली.

तारखांचं प्रकरण जरा थांबून सांगण्याजोगं आहे. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी मी पर्जन्यमापक सांभाळणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना फोनवर आलेख दाखवला. पुढे त्यांचा उल्लेख 'गुरुजी' असाच येईल. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीन डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, "का रं, ऑगस्टचा पाऊस आत्ताच पडला व्हय?"

बघतो तर जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असं करत ऑगस्टपर्यंत दर महिन्याच्या ७ तारखेला एकेक स्तंभ उभा. फाइलमधली ०१/०७/२०२३ ही तारीख मी सरळ जावास्क्रिप्टच्या डेटला दिली होती. ते अमेरिकी पद्धतीने आधी महिना वाचतं, म्हणजे १ जुलैचा झाला ७ जानेवारी आणि ८ जुलैचा ७ ऑगस्ट. १३ जूनपासून ३० जूनपर्यंतच्या ओळींत 'महिना' बाराच्या पुढे गेल्यामुळे त्या अवैध ठरल्या, आणि अवैध तारखेची ओळ गाळायची असं मीच लिहून ठेवलेलं. जूनअखेरचा पाऊस असा गुपचूप गायब झाला होता.

मी तारखा उलटवून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा मजकुरात बदलल्या आणि पुण्यात सगळं बरोबर दिसायला लागलं. दोन आठवड्यांनी गावातल्याच, पण आता न्यू जर्सीत राहणाऱ्या एकाचा मेसेज आला: "आमच्याकडे सगळा पाऊस एक दिवस आधी दिसतोय." त्या रूपातली नुसती तारीख जावास्क्रिप्ट ग्रीनिचची मध्यरात्र म्हणून घेतं. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेपाच, त्यामुळे तारीख तीच राहते. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. शेवटी दिवस, महिना, वर्ष सुटे करून तीन आकडे वेगवेगळे दिले, तेव्हा दोन्ही दुखणी गेली. महिन्यातून एक वजा करायचा असतो, कारण जावास्क्रिप्टचा जानेवारी शून्य असतो. हे सांगायला नको, तरी सांगतो.

ज्या पॅचची किंमत नंतर मोजली

पानावर दोन गोष्टी होत्या. रोजच्या पावसाचे स्तंभ, आणि त्यांच्यावरून चढत जाणारी '१ जूनपासूनचा एकूण पाऊस' ही रेषा. पहिल्या आठवड्यात काही गावांची रेषा उगवलीच नाही. कन्सोलमध्ये बेरजेच्या जागी नॅन. 'ही संख्या नाही' असं सांगायची ती जावास्क्रिप्टची रीत आहे. एक नॅन बेरजेत शिरला की पुढची सगळी बेरीज नॅनच होते.

रविवारची रात्र होती आणि सोमवारी सचिवांना पान कुणाला तरी दाखवायचं होतं. बेरजेत मी एक छोटी भर घातली: संख्या नसेल तर शून्य धर. रेषा आली. नॅन कुठून आला हे मी बघितलंच नाही.

जुलैअखेर गुरुजींचा फोन आला. "तुझ्या आलेखात आमच्या गावचा पाऊस कमी भरतोय. वहीत जास्त आहे." मला वाटलं, त्यांनी मेमधला वळीवही धरला असेल. "बघतो गुरुजी" म्हणालो आणि बघितलं नाही. या सगळ्या प्रकरणात मागे जाऊन एकच क्षण बदलता आला असता, तर मी ऑगस्टमधला नाही, हा निवडला असता. माणूस रोज सकाळी उठून बाटलीतलं पाणी मोजतो, वहीत लिहितो, महिनाअखेर बेरीज करतो, आणि सांगतो की तुझी बेरीज चुकली आहे. यापेक्षा चांगला टेस्टर कुठे मिळणार होता?

मूळ अडचण : चोवीस आणि शून्य

२०२३ चा ऑगस्ट महाराष्ट्राच्या लक्षात राहिलेला आहे. १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. पावसाचा खंड हाच सगळीकडे विषय होता. पीक विम्यात तेव्हा हंगामाच्या मधल्या प्रतिकूल परिस्थितीसाठी २५ टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम मिळण्याची तरतूद होती, आणि त्या वर्षी २१ दिवसांचा खंड हे शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी होते. सचिव म्हणाले, आपल्या पानावर प्रत्येक गावाचे 'सलग कोरडे दिवस' दिसायला हवेत. मी अर्ध्या तासात चौकट करून दिली. हवामान विभागाच्या व्याख्येत २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. मी आजपासून मागे जात २.५ पेक्षा कमी असलेले दिवस मोजायचे आणि तसा नसलेला पहिला दिवस आला की थांबायचं, असं लिहिलं.

महिनाअखेरीस दोन शेजारच्या गावांची एकत्र बैठक झाली. मी नव्हतो, ताईंनी सांगितलं. एका गावच्या पोराने फोन वर धरून दाखवलं: सलग कोरडे दिवस, २४. दुसऱ्या गावच्याने, म्हणजे गुरुजींच्या गावच्याने, आपलं गाव उघडलं: सलग कोरडे दिवस, ०. दोन गावांमधलं अंतर सायकलवर पंधरा मिनिटांचं.

गुरुजींच्या गावातले लोक भडकले. महिन्यात एक टिपका नाही, बाजरी माना टाकून उभी, आणि तुमची साइट म्हणते कोरडा दिवस एकही नाही? पहिल्या गावातल्या एक आजी मात्र चोवीसवर हसल्या. "चवदा तारखंला सर आली की. वळचणीची बारडी भरली व्हती." चोवीसचा स्क्रीनशॉट तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता आणि कृषी कार्यालयाला द्यायच्या निवेदनाला जोडायचं घाटत होतं. विम्याचा निर्णय सरकारी नोंदी आणि पाहणीवर व्हायचा, आमच्या आलेखावर नाही, त्यामुळे पैशाचं नुकसान व्हायचं नव्हतं. संस्थेच्या शब्दाचं झालं असतं. ताईंनी निवेदनातून ते पान काढायला लावलं आणि बैठकीच्या बाहेर येऊन मला फोन केला.

शोध

त्या रात्री मी सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा. एक ओळ अशी होती:

14/08/2023,निरंक,,१८,0

चौदांपैकी चारच गावं इथे दाखवतो, एका दिवशीच्या चार नोंदी. तारीख आणि शेवटचं शून्य इंग्रजी आकड्यांत, 'अठरा' मात्र देवनागरी आकड्यांत.

'निरंक' हा गुरुजींचा शब्द. सरकारी तक्ते भरण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस 'शून्य' लिहीतच नाही, निरंक लिहितो. आणि त्याच्या भाषेत निरंक म्हणजे पक्की नोंद: मी गेलो, बाटली पाहिली, पाणी नव्हतं.

रिकामी जागा पहिल्या गावची. तिथलं पर्जन्यमापक सांभाळणारी मुलगी बाळंतपणाला माहेरी गेली होती. जायच्या आधी ती ० लिहायची, गेल्यावर कुणीच लिहिलं नाही. ताईंनी प्रामाणिकपणे ती जागा मोकळी सोडली.

देवनागरी अठरा एका तिसऱ्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमधून जसाच्या तसा चिकटवलेला. गुरुजीही पाऊस पडला की आकडा देवनागरीतच पाठवायचे. काही ताईंनी टाइप केले, काही कॉपी केले.

आता मजकुराची संख्या करणाऱ्या जावास्क्रिप्टच्या नंबरला या तिन्ही गोष्टी दिल्या तर काय होतं? रिकाम्या मजकुराचं होतं ०. 'निरंक'चं होतं नॅन. देवनागरी अठराचंही नॅन.

म्हणजे जिथे कुणी मोजलंच नाही, तिथे पान म्हणत होतं 'पाऊस शून्य'. जिथे माणसाने जाऊन पाहून शून्य सांगितलं, तिथे म्हणत होतं 'माहीत नाही'. आणि जिथे खरोखर अठरा मिलिमीटर पडला, तिथेही 'माहीत नाही'. तीनपैकी तिन्ही उलटे.

नॅन हा २.५ पेक्षा कमीही नसतो आणि जास्तही नसतो. त्यामुळे कोरडे दिवस मोजणारं कोड गुरुजींच्या ताज्या 'निरंक'लाच अडखळून थांबलं, उत्तर ०. पहिल्या गावात ते मोकळ्या जागांवरून बिनदिक्कत मागे चालत गेलं आणि चोवीसवर पोचलं. आजींची बादली त्या मोकळ्या जागेत कुठेतरी होती.

स्तंभालेखात यातलं काहीच दिसलं नव्हतं. शून्याचा स्तंभ नसतो आणि नॅनचाही नसतो. एकूण पावसाच्या रेषेने आरडाओरडा केला असता, पण तिचं तोंड मी पहिल्याच आठवड्यात बंद केलं होतं. गुरुजींचे देवनागरीतले आकडे त्या 'संख्या नसेल तर शून्य' मध्ये बुडाले होते. वही बरोबर होती.

निर्णयाचे टप्पे

पहिला प्रश्न: दुरुस्ती कुठे करायची? ब्राउझरमध्ये की त्याच्या आधी?

मी आधी ब्राउझरमध्येच सुरू केलं. निरंकला शून्य, रिकाम्याला नल (जावास्क्रिप्टमध्ये 'इथे काही नाही'ची खूण), देवनागरी आकड्यांना इंग्रजी. स्तंभ ठीक झाले, पहिल्या गावचा चोवीस मात्र जागचा हलेना. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की जावास्क्रिप्टमध्ये नलची २.५ शी तुलना केली तर नल शून्य धरलं जातं आणि उत्तर 'हो, कमी आहे' असंच येतं. 'नोंद आहे का' हे आधी वेगळं विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. डी-थ्री या आलेखांच्या दुसऱ्या लायब्ररीतल्या ऑटोटाइपसारखी तयार सोय रिकाम्या जागेला आपणहून नल देते. मी ती वापरली असती तरी इथे ठेच लागलीच असती.

तेव्हा मन बदललं. ब्राउझरमध्ये चूक सापडली तर ती कळणार कुणाला? पान बघणाऱ्या शेतकऱ्याला, ज्याला ती दुरुस्त करता येत नाही. चूक कळायला हवी ताईंना, अपलोडच्या आधी. म्हणून ताईंच्या संगणकावर पायथॉनची एक स्क्रिप्ट ठेवायची असं ठरवलं. ती सीएसव्ही वाचेल, तपासेल, आणि सगळं ठीक असेल तरच जेसन (ठरलेल्या साच्यातली मजकुराची फाइल) तयार करेल. पान फक्त जेसन वाचेल. जेसनमध्ये ० आणि नल हे मुळातच वेगळे लिहिले जातात, ही त्याची मोठी सोय. सीएसव्हीत दोन स्वल्पविरामांच्या मधल्या पोकळीचा अर्थ ज्याने त्याने लावायचा.

दुसरा प्रश्न माझ्या मते तांत्रिक नव्हताच. नोंद नसलेला दिवस मध्ये आला तर 'सलग कोरडे दिवस' काय दाखवायचं?

सचिवांचं म्हणणं होतं की शेजारच्या गावाचा आकडा धरावा, लोकांना एक नेमका आकडा हवा असतो. आमच्या भागात एका शिवारात धो धो आणि बांधापलीकडे कोरडं हे नवीन नाही, त्यामुळे मी त्याला ठाम नाही म्हणालो. ताईंनी सुचवलं, नोंद नसलेले दिवस वगळून बाकीचे मोजावेत. ते ऐकायला बरं वाटतं, पण मग 'सलग' शब्दाला अर्थ राहत नाही. माझं मत होतं 'किमान इतके, कदाचित तितके' असं लिहावं. सचिव म्हणाले, लोक मोठा आकडाच वाचणार आणि स्क्रीनशॉटही तेवढाच काढणार. ते बरोबर होते. शेवटी ठरलं: मोजत मागे जाताना मध्ये नोंद नसलेला एकही दिवस आला तर आकडा दाखवायचाच नाही. चौकटीत 'नोंद अपुरी' आणि खाली त्या दिवसांच्या तारखा.

यावरही नाराजी झाली. एका गावाने विचारलं, एका दिवसासाठी वीस दिवसांची मेहनत पाण्यात? मला आजही याचं समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

केलेली कामं

स्क्रिप्ट दीडशे ओळींची झाली. ताई एका आयकॉनवर डबल-क्लिक करतात, काळी खिडकी उघडते आणि मराठीत सांगते: 'ओळ ७६, गाव तिसरे: "१८ मिमि" समजले नाही.' ताई एक्सेलमध्ये जाऊन ती दुरुस्त करतात आणि पुन्हा क्लिक करतात.

ती लिहिताना दोन गमती झाल्या. पायथॉनला देवनागरी अठरा दिला तर तो मुकाट्याने १८ समजतो, काही करावं लागत नाही. जो मजकूर ब्राउझरला परका, तो इथे घरचा. दुसरी अशी की 'तारीख' हा कॉलम समोर दिसत असून स्क्रिप्ट म्हणायची, असा कॉलमच नाही. एक्सेलची यूटीएफ-८ सीएसव्ही फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट ठेवते, आणि ते 'तारीख'च्या त-ला चिकटून वाचले जात होते. ब्राउझरचं फेच मजकूर वाचताना ते स्वतःच काढून टाकतं, म्हणून इतके दिवस पत्ता नव्हता. पायथॉनला 'यूटीएफ-८-सिग' म्हणून फाइल उघडायला सांगितलं आणि मिटलं.

त्याच सुमारास तुलनेसाठी जिल्ह्यातल्या तालुक्यांचे आकडे दुसऱ्या फाइलमधून जोडले, तर आलेखात कऱ्हाड दोनदा आलं. दोन रंग, दोन रेषा, नाव अक्षर न् अक्षर सारखं. निदान डोळ्यांना. मराठीतला हा अर्धा 'र' संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. एक फाइल एका कळफलकावर भरलेली, दुसरी दुसऱ्या. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एकसारखी करायची रीत, ते जोडचिन्ह काढत नाही. मी आधी ते चिन्ह शोधून बदलणारी ओळ घातली, मग ती पुसली आणि प्रत्येक गावाला आणि तालुक्याला कोड दिला. गावांसाठी २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी कोड तयारच होता. नाव आता फक्त दाखवायला, जुळवणी कोडवर.

आलेखात नोंद नसलेल्या दिवसाला फिकट राखाडी पट्टा आला. चार्ट-जेएसमध्ये त्यासाठी दुसरी मालिका लावावी लागली. वर 'नोंद अमुक तारखेपर्यंतची' ही ओळ आली, कारण काहींच्या फोनमध्ये ब्राउझरने जुनी फाइल धरून ठेवलेली असायची आणि ते ताजी समजून बघायचे. फेचला नो-कॅश सांगितल्यावर तो प्रकारही थांबला.

काय निष्पन्न झालं

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुधारलेलं पान गेलं. गुरुजींच्या गावचा खंड आकड्याने दिसला. पहिल्या गावात चोवीसच्या जागी 'नोंद अपुरी' आलं, आणि ज्याने स्क्रीनशॉट फिरवला होता त्याच पोराने पर्जन्यमापकाची जबाबदारी घेतली. मी गुरुजींकडे वही घेऊन बसलो आणि १ जूनपासून एकेक आकडा ताडून पाहिला. एका ठिकाणी तफावत निघाली, आणि तिथे त्यांच्या वहीत बेरजेचा हातचा राहिला होता. त्यांना त्याचं फार वाईट वाटलं. माझ्याकडून किती हातचे राहिले होते ते मी सांगितल्यावर जरा हसले.

राखाडी पट्ट्यांचा मी न ठरवलेला परिणाम झाला. कुठल्या गावात नोंद राहते ते सगळ्यांना दिसायला लागलं आणि गावागावांत थोडी चुरस लागली. त्याला दुसरी बाजूही आहे. पट्टा नको म्हणून न मोजता शून्य टाकायचा मोह होऊ शकतो, आणि ते आम्हाला कुठल्याही स्क्रिप्टने कळणार नाही.

पुन्हा केलं तर

आलेखाला हात लावायच्या आधी मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे मागच्या वर्षीचे मेसेज वाचीन. निरंक, देवनागरी आकडे, '१८ मिमि', 'थोडा भुरभुर', सगळं तिथे पडलेलं होतं. तासाभराचं काम.

'संख्या नसेल तर शून्य' ही ओळ लिहिणार नाही. रेषा तुटते तर तुटू दे, सोमवारी सचिवांना तुटलेली दाखवीन.

प्रकाशित ऑनलाइन शीटच्या पर्यायाकडे पुन्हा बघीन. रकान्यात फक्त संख्याच घ्यायची असा नियम शीटमध्येच लावता येतो. मग ताईंना काळ्या खिडकीची पायरी लागणार नाही. सचिवांशी तेव्हा नीट न बोलण्याचा आळस मला महागात पडला.

आणि चिकटवलेल्या नमुन्यावर नाही, तर एका खऱ्या कोऱ्या जागेवर, एका खऱ्या निरंकवर आणि एका खऱ्या पावसावर चौकट तपासून पाहीन. तीन ओळींची फाइल पुरली असती.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. काही गावं पाऊस नसला की आडवी रेघ पाठवतात, काही गावं मोजायला जमलं नाही की आडवी रेघ पाठवतात. स्क्रिप्ट रेघेला अडते आणि ताई फोन करून विचारतात. परवा एका गावाला फोन लावला तर पलीकडून उत्तर आलं, "ताई, रेघ म्हंजे मी गेलोच न्हाई असं न्हाई, गेलो व्हतो, पण बाटली कुणीतरी उपडी केलेली." त्यासाठी रकान्यात काय लिहावं यावर सध्या ऑफिसात चर्चा चालू आहे.